केसपेपरावरचा तिसरा रकाना

सरकारी दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्याची पहिली गाठ डॉक्टरशी पडत नाही. ती केसपेपराच्या खिडकीशी पडते. नाव, वय, गाव आणि पुरुष की स्त्री, एवढे विचारून कारकून कागद हाती देतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्याला क्षणभरही थांबावे लागत नाही. ज्याला थांबावे लागते, त्याचे पुढचे सारे मात्र त्या खिडकीपाशीच ठरून जाते: पुकारा कोणत्या नावाने होणार, रांग कोणती, खाट कोणत्या कक्षात. पुष्कळदा असा माणूस रांगेतूनच परत फिरतो आणि दुखणे अंगावर काढतो. म्हणून तृतीयपंथीयांच्या आरोग्यसेवेचा विचार आम्ही या खिडकीपासूनच सुरू करतो.

ही माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत पुरुष व स्त्री यांखेरीज ‘इतर’ या सदराखाली देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. घरच्यांच्या धाकाने स्वतःला लपविणारे या आकड्यांत कसे यावेत?

पहिली समजूत दूर केली पाहिजे ती ही की, हा मनाचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगसूचीची अकरावी आवृत्ती २०१९ साली स्वीकारली व ती २०२२ पासून अमलात आली. तिच्यात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. आता कोणी विचारील की, आजार नाही तर दवाखाना कशाला? बाळंतपणही आजार नव्हे. तरी त्याला दवाखाना लागतोच.

गरजा मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. पहिली, तुमच्याआमच्यासारखी: ताप, मधुमेह, मोडलेला हात. दुसरी, संप्रेरकांच्या उपचाराची. स्त्रीरूप हवे असलेल्या कित्येकजणी दवाखान्याची वाट बंद दिसली की औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानेच घेतात. अशा गोळ्यांच्या अतिरेकाने शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पुरुषरूपासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने रक्त प्रमाणाबाहेर दाट होऊ शकते. दोन्हीकडे उपाय एकच: डॉक्टरने ठरविलेली मात्रा आणि ठरावीक मुदतीने रक्ततपासणी. शस्त्रक्रियेचेही तसेच, ती निष्णात हातांनी न झाली, तर जिवावर बेतते. तिसरी गरज संसर्गाच्या प्रतिबंधाची. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तृतीयपंथीयांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण शेकडा ३.१४ आढळले, त्याच वर्षी सर्वसाधारण प्रौढांत ते शेकडा ०.२२ असल्याचा अंदाज होता. यावरील औषधे सरकार २००४ पासून मोफत देत आहे. पण जो खिडकीवरूनच परतला, त्याला मोफत औषध काय कामाचे?

कायद्याने आपले काम बरेच केले आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना रुग्णालयांत वैद्यकीय सेवा देण्याची उपाययोजना करावी, असा आदेश सरकारांना दिला. २०१९ च्या कायद्याने समुपदेशन, संप्रेरक उपचार, शस्त्रक्रिया आणि विमा यांची जबाबदारी शासनावर टाकली. २०२२ साली आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांच्या संरक्षणाचा करार झाला. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली तीस खाटांचा स्वतंत्र कक्ष उघडला; पुण्याच्या ससून रुग्णालयातही तसा कक्ष निघाला.

परंतु नुसत्या उद्घाटनाने सेवा टिकत नाही. हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे २०२१ पासून ‘मित्र’ नावाचे दवाखाने चालत. तपासणी, समुपदेशन, संप्रेरकांचा सल्ला एका छपराखाली मिळे. काम करणारांत तृतीयपंथी मंडळीही असत. पैसा मात्र अमेरिकन सरकारचा होता. जानेवारी २०२५ मध्ये तिकडे परदेशी मदत रोखण्याचा हुकूम निघाला आणि इकडे तिन्ही दवाखान्यांची दारे लागली. रुग्णांचा दोष काय? धडा सरळ आहे: परक्याच्या विहिरीवर मळा लावू नये. उलटपक्षी तामिळनाडूने २००८ साली कल्याण मंडळ स्थापून शस्त्रक्रियेची सोय सरकारी रुग्णालयांतच केली.

आता आपल्या कऱ्हाकाठाकडे वळू. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुणे येथून शंभर किलोमीटर, इंदापूरकरांना त्याहून लांब. रोजंदारी बुडवून दर तपासणीला तेथे कोण जाईल? यासाठी मोठी इमारत नको. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, संप्रेरकांची माहिती असलेला एक डॉक्टर, एक समुपदेशक, रक्ततपासणीची सोय, आणि केसपेपरावर तिसरा रकाना असला की आरंभ झाला. कारकून, परिचारिका व शिपाई यांना दोन दिवसांचे शिक्षण द्यावे. कारण रुग्ण परततो तो बहुधा डॉक्टरांमुळे नव्हे, तर ओळीतल्या हशामुळे.

आणि त्या ओळीत आपणही उभे असतो. दर आषाढात तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरवरून जाते. वाटेवर पायाला फोड आलेल्या वारकऱ्याला पट्टी बांधताना आपण त्याचे नावगावही विचारीत नाही. तो पंधरवड्याचा धर्म बारमाही झाला, तर सरकारी खिडकी उघडायला फार दिवस लागणार नाहीत.