शून्याची पत

कोणी निरुपयोगी ठरला की इंग्रजी शिकलेले लोक त्यास ‘सायफर’ म्हणतात. ‘सायफर’ म्हणजे शून्य, आणि गुप्त लिपीही. एका शब्दास हे तीन अर्थ कसे लाभले, हे व्यापारी बंधूंस जाणून घ्यावेसे वाटेल. कारण या शब्दाचा प्रवास बऱ्याच अंशी व्यापाराच्या वाटेनेच झाला.

‘शून्य’ म्हणजे रिकामे. शके ३८० (इ. स. ४५८) मधील ‘लोकविभाग’ या जैन ग्रंथात शून्यासह स्थानमूल्याची पद्धती आढळते. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात देवाच्या बागेची लांबी २७० हात व रोजच्या माळा ५० असे आकडे असून शून्य लहानशा वर्तुळाने कोरले आहे.

अरबांनी ‘शून्य’चे ‘सिफ्र’ असे भाषांतर केले. पिसा येथील व्यापारीपुत्र लिओनार्दो फिबोनाची याने हे आकडे उत्तर आफ्रिकेत शिकून १२०२ साली ग्रंथरूपाने युरोपात मांडले. ‘सायफर’ व ‘झीरो’ ही दोन्ही त्या ‘सिफ्र’चीच लेकरे. नवे आकडे तेथील लोकांस गूढ वाटले, म्हणून सांकेतिक लेखनासही तेच नाव पडले असे मानतात. एकट्या शून्यास किंमत नाही, म्हणून नगण्य माणूसही ‘सायफर’.

१२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफसंघाने वहीत हे आकडे लिहिण्यास मनाई केली होती. शून्याचा ६ किंवा ९ करणे सोपे, हे आपले वडीलधारेही जाणून होते. म्हणून हुंडीत रक्कम आकड्यांत, अक्षरांत, आणि पुन्हा ‘निमे इतके, त्याचे दुप्पट’ अशी लिहीत.

ही शिस्त मी १९७९ साली विसरलो. चण्याच्या ५० पोत्यांची मागणी लिहिताना एक शून्य अधिक पडले, आणि अक्षरी आकडा मी लिहिलाच नाही. पत्र मुनीमजींस वाचून दाखवीत असता दाराशी बसलेल्या वृद्ध पल्लेदाराने विचारले, “शेठजी, पाचशे पोती ठेवायची कोठे? गोदामात जागा तर शंभराचीच आहे.” त्यास अक्षरओळख नव्हती. मी त्यास कधी कोणत्या हिशेबात धरले नव्हते. त्या दिवशी पेढीची पत त्यानेच राखली.

शून्याची किंमत त्याच्या जागेवरून ठरते. आपल्या दाराशी बसलेल्या माणसास आपण कोणती जागा देतो, हेही वर्षाच्या ताळेबंदात एकदा पाहावे.