चिकोडीची काळी आणि परड्यातली बाग

चिकोडी तालुक्यातली बहुतेक माती एकाच खडकातून आली आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला आणि तो झिजत झिजत इथली रानं झाली. खडक एक असला तरी माती जागेप्रमाणे बदलते. माळाच्या माथ्यावर वीतभर खणले की मुरूम लागतो. उतारावर मध्यम खोलीची जमीन असते. उत्तरेला कृष्णा आणि दूधगंगेच्या काठाने, यडूर-मांजरी-सदलग्याच्या बाजूला, भारी काळी कित्येक फूट खोल जाते आणि नदीला अगदी लागून पुराने आणलेला गाळ असतो. गावात मराठी बोलणारा तिला काळी म्हणतो, कन्नड बोलणारा एरी. तांबूस, हलकी जमीन एकाची तांबडी तर दुसऱ्याची मसारी. भाषा दोन, पण पारख तीच.

काळ्या मातीचे गुण आणि अवगुण दोन्ही तिच्या चिकणमातीत आहेत. हे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, सुकली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तेच रान चपलेला किलोभर चिकटून घरी येते. पाणी धरून ठेवण्यात या मातीला तोड नाही. निपाणीचा बिडीचा तंबाखू पावसाळ्यानंतर याच साठवलेल्या ओलीवर पोसला जातो. पण परड्यातल्या बागेला अडचण होते ती याच गुणाची, कारण पाणी धरणारी माती हवा धरत नाही. मुळांना दोन्ही लागते. ओल आणि हवा यांचा मेळ बसलेल्या अवस्थेला वापसा म्हणतात. भारी काळीत वापसा उशिरा येतो आणि लवकर निघून जातो. त्याआधी कुदळ घातली तर ढेकळे विटेसारखी वाळतात.

तेव्हा चिकोडीत बाग करणाऱ्याने पहिली चौकशी खताची नव्हे, निचऱ्याची करावी. दीड फूट खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचून राहिले, तर तिथे पपई लावू नये. मूळ कुजून झाड पहिल्याच पावसाळ्यात बसते. अशा जागी वीतभर उंच गादीवाफे करून वांगी, भेंडी, मिरची, घेवडा घेता येतो. दोन-चार बुट्ट्या वाळू मिसळून काळी भुसभुशीत होईल ही समजूत मात्र चुकीची आहे. चिकणमातीचा स्वभाव बदलायला जवळजवळ तिच्याइतकीच वाळू लागते; थोडक्यात भागवले तर माती उलट घट्ट होते. खरा उपाय शेणखत, कुजलेला पालापाचोळा आणि उसाचे पाचट हाच आहे. कारखान्यांच्या या मुलखात पाचटाला तोटा नाही, तरी ते बांधावर पेटवून दिले जाते ही खेदाची गोष्ट.

पोषणाच्या बाबतीत ही माती एका अंगाने श्रीमंत, एका अंगाने गरीब आहे. पालाश भरपूर असते. नत्र आणि सेंद्रिय कर्ब कमी असतो. स्फुरद असूनही चुन्यात अडकून पडतो, कारण काळीचा सामू साधारण 7.5 ते 8.5 असतो आणि खालच्या थरात चुनखडीचे खडे सापडतात. लोह आणि जस्त याच कारणाने मुळांना मिळत नाही. गुलाब, लिंबू, मोसंबी यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते बहुधा लोहाच्या टंचाईमुळे. सीताफळ, डाळिंब, शेवगा अशा जमिनीत तग धरतात. फक्त त्यांनाही पायाशी पाणी तुंबलेले चालत नाही, म्हणून माळाकडची मुरमाड जागा त्यांना अधिक मानवते. तिथे शेणखत आणि पाणी थोडे थोडे, वारंवार द्यावे लागते.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांची वेगळीच गोष्ट आहे. पिशवीत बहुतेकदा हलकी तांबडी माती असते. ती तशीच भारी काळीत बसवली तर खड्डा पाणी साठवणाऱ्या भांड्यासारखा होतो आणि मुळे बाहेर पडायला तयार होत नाहीत. खड्डा रुंद घ्यावा, त्याच्या कडा कुदळीने खरवडाव्यात आणि भरताना काढलेलीच माती शेणखतासह वापरावी.

नदीकाठच्या पट्ट्यात आणखी एक दुखणे आहे. वर्षानुवर्षे उसाला पाट भरून पाणी दिल्याने भूजल वर आले, त्याबरोबर क्षार आले आणि रान खारपड झाले. उन्हाळ्यात मातीवर पांढरी पूड दिसू लागली की ओळखावे. कन्नड शेतकरी अशा जमिनीला सवळू म्हणतो. शेजारच्या शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारांचे पाणी काढून देण्याचे काम झाले आहे. परड्यात एवढा खटाटोप परवडत नाही. पण वाफे उंच करून गोड्या पाण्याने क्षार धुऊन खाली घालवता येतात, अर्थात पाण्याला पुढे वाट असेल तरच. पालक, बीट आणि नारळ थोडाफार खारटपणा सोसतात. घेवडा, गाजर आणि कांदा सोसत नाहीत. जमीन चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली असेल, तर जिप्सम उपयोगी पडते, पण किती हे तपासणीशिवाय ठरवू नये.

तपासणीसाठी नमुना घेताना परड्यातल्या आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यावा आणि कडेची माती तासून एकत्र करावी. उकिरड्याजवळची, झाडाच्या बुंध्याखालची आणि नुकतेच खत टाकलेली जागा टाळावी. सावलीत वाळवून त्यातली अर्धा किलो माती कापडी पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्यावी. फळझाडे लावायची असतील तर खालच्या थरांचे नमुनेही वेगळे द्यावेत, कारण चुनखडी तिथेच दबून बसलेली असते.