धंदेवाईक खेळाडू महाविद्यालयात : लिंकन फिलिप्स आणि हॉवर्ड विद्यापीठाचा फुटबॉल संघ

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाजीवनाचा विचार करताना आपल्याकडील अभ्यासकाचे लक्ष प्रायः बास्केटबॉल आणि तेथील अंडाकृती चेंडूचा फुटबॉल या दोन खेळांकडे जाते. ज्याला आपण फुटबॉल म्हणतो आणि अमेरिकन लोक सॉकर म्हणतात, तो खेळ त्या देशात दीर्घकाळ उपेक्षित राहिला. परंतु हौशी आणि धंदेवाईक यांमधील सीमारेषा विद्यापीठे कशी आखतात, आणि ती आखली जात असताना कोण बाहेर फेकला जातो, हे पाहावयाचे असेल तर याच उपेक्षित खेळातील एक प्रकरण फार बोधप्रद आहे. त्रिनिदादचे गोलरक्षक लिंकन फिलिप्स हे १९७० साली वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले, तेथून त्याचा आरंभ होतो.

फिलिप्स यांचा जन्म १९४१ सालचा. १९६७ साली विनिपेग येथील पॅन-अमेरिकन क्रीडास्पर्धेत त्रिनिदाद-टोबॅगोला फुटबॉलमध्ये ब्राँझपदक मिळाले, त्या काळात ते राष्ट्रीय संघाचे गोलरक्षक होते. पुढे अमेरिकेत येऊन ते बाल्टिमोर बेज व वॉशिंग्टन डार्ट्स या धंदेवाईक संघांकडून खेळले. डार्ट्समध्ये तर खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या वेळचा अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉल किती डळमळीत होता हे ध्यानात घेतले पाहिजे. नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये १९६८ साली सतरा संघ होते. पुढल्याच वर्षी पाच उरले. डार्ट्स संघ १९७० साली या लीगमध्ये दाखल झाला, अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि १९७१ चा हंगाम संपल्यावर वॉशिंग्टन सोडून मायामीला गेला. ज्या धंद्यात संपूर्ण संघच रातोरात दुसऱ्या शहरी जाऊ शकतो, त्या धंद्यातील माणसास महाविद्यालयातील नोकरीचे आकर्षण का वाटावे, हे वेगळे सांगावयास नको.

तथापि या स्थलांतरात काम वरवर तेच राहिले तरी त्याचे स्वरूप बदलते. धंदेवाईक संघाच्या चालकापुढे एकच प्रश्न असतो : हा मनुष्य खेळतो कसा? तो कोणत्या देशाचा, त्याचे वय काय, शाळेत त्यास गुण किती मिळाले, याची चौकशी तेथे कोणी करीत नाही. महाविद्यालयातील प्रशिक्षकास मात्र आधी विचारावे लागते : हा विद्यार्थी आहे काय, आणि नियमांच्या दृष्टीने ‘पात्र’ आहे काय? खेळाडू विकत घेता येत नाही, शिष्यवृत्ती देऊन आणावा लागतो. आणि तो तयार झाला न झाला तोच पदवी घेऊन निघून जातो. शिवाय ज्याने स्वतः पैसे घेऊन खेळण्याचा मार्ग पत्करला, त्यालाच इतरांच्या हौशीपणाचा राखणदार व्हावे लागते. आपल्या भाषेत ‘शिक्षक’ आणि ‘प्रशिक्षक’ यांत एका उपसर्गाचे अंतर आहे. फिलिप्स यांना ते अंतर नियमांच्या पुस्तकात मोजावे लागले.

हॉवर्ड हे १८६७ साली स्थापन झालेले, प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे विद्यापीठ. (१९३६ साली बार्डोलीस गांधीजींची भेट घेणारे हॉवर्ड थर्मन हे याच विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिराचे अधिष्ठाता होते, नावातील साम्य हा केवळ योगायोग.) वेस्ट इंडीज व आफ्रिकेतील विद्यार्थी तेथे पूर्वीपासून येत, आणि १९६१ साली लहान महाविद्यालयांच्या संघटनेचे फुटबॉल अजिंक्यपदही हॉवर्डने मिळविले होते. म्हणजे फिलिप्स यांना ओसाड जमीन मिळाली नव्हती. त्यांनी त्रिनिदाद, जमैका, बर्म्युडा व पश्चिम आफ्रिका येथील तरुणांचा एक संघ बांधला. या मंडळींचे खेळण्याचे वळण निरनिराळे होते, आणि समान वर्णामुळे परस्परांविषयीचे गैरसमज आपोआप मिटतात अशीही वस्तुस्थिती नसते. त्यांना एकत्र आणण्यास बेटांवरून आलेला, आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला आणि धंदेवाईक संघ चालविलेला माणूस विशेष लायक होता.

१९७१ च्या डिसेंबरात मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर हॉवर्डने सेंट लुइस विद्यापीठाचा ३–२ असा पराभव करून नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशनचे अजिंक्यपद जिंकले. सेंट लुइसने त्यापूर्वीची लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळविली होती आणि त्यांचे खेळाडू बहुतांशी त्याच शहरातील कॅथलिक पॅरिशांच्या बालसंघांतून वर आलेले होते. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने या संघटनेच्या सर्वोच्च विभागातील अजिंक्यपद मिळविण्याचा तो पहिलाच प्रसंग. लवकरच चौकशी सुरू झाली. काही खेळाडू अपात्र होते असा निष्कर्ष निघाला, १९७१ चे अजिंक्यपद काढून घेण्यात आले आणि १९७३ च्या स्पर्धेचे दार हॉवर्डला बंद झाले. हॉवर्डमधील अनेकांना यात वर्णद्वेष दिसला. न्यायालयापुढे जो वाद गेला तो मात्र नियमांचा होता, आणि अभ्यासकाने त्या नियमांकडेच बारकाईने पाहिले पाहिजे.

प्रस्तुत नियम तीन होते. महाविद्यालयात प्रथम नाव दाखल केल्यापासून पाच वर्षांत विद्यार्थ्याने आपला स्पर्धाकाळ संपविला पाहिजे, हा पहिला. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दुसरा ‘१.६००’ चा नियम. शाळेतील गुण आणि एक प्रमाणित चाचणी यांवरून विद्यार्थ्याची पहिल्या वर्षाची गुणसरासरी आगाऊ वर्तवावयाची, आणि चारच्या मापावर ती १.६०० पेक्षा कमी येत असेल तर त्यास खेळू द्यावयाचे नाही, असा त्याचा आशय. अमेरिकन शाळांच्या अनुभवावर बसविलेले हे गणित ब्रिटिश पद्धतीच्या शाळेतून आलेल्या त्रिनिदादच्या मुलास कसे लागू पडावे? परंतु नियमाला त्याची फिकीर नव्हती. कागद नाही म्हणजे पात्रता नाही. गमतीची गोष्ट अशी की १९७३ साली, म्हणजे हॉवर्डला शिक्षा झाली त्याच वर्षी, संघटनेने हा नियम आपण होऊन रद्द केला.

तिसरा नियम परदेशी विद्यार्थ्यांपुरता होता, आणि वादाचे मर्म त्यातच आहे. एकोणिसावे वर्ष उलटल्यावर परदेशी विद्यार्थी आपल्या देशात जितकी वर्षे संघटित सामने खेळला असेल, तितकी वर्षे त्याच्या महाविद्यालयीन स्पर्धाकाळातून वजा होत. पैसे न घेता गावच्या संघाकडून खेळला असला तरी वजाबाकी टळत नसे. उलट सेंट लुइसमधला एखादा तरुण विशीनंतर शहरातील हौशी लीगमध्ये दोन हंगाम खेळून मग विद्यापीठात आला, तर त्याचा एक दिवसही कमी होत नसे. परदेशांतून वयस्क, मुरलेले खेळाडू आणले जाऊ नयेत हा नियमाचा हेतू. हेतू समजण्यासारखा आहे. परंतु मुरलेपणाचे मोजमाप पारपत्रावरून करावयाचे, हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. शिवाय फिलिप्स यांचे खरे भांडवल म्हणजे कॅरिबियन फुटबॉलची त्यांना असलेली माहिती, आणि हा नियम नेमका त्या भांडवलावरच कर बसवीत होता.

१९७३ साली संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने व १९७५ साली कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने परदेशी विद्यार्थ्यांविषयीचा नियम समान संरक्षणाच्या घटनात्मक तत्त्वाविरुद्ध ठरविला. पहिले दोन नियम मात्र वैध ठरले, आणि म्हणून अजिंक्यपद परत मिळाले नाही. संघटना खासगी असली तरी तिच्या सभासदांत सरकारी विद्यापीठांचा मोठा वाटा असल्याने घटनेची बंधने तिला लागू पडतात, हे या निवाड्याचे दुसरे अंग; ते पुढे टिकले नाही. १९८८ साली टार्केनियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही संघटना शासनसंस्था नव्हे असा निर्णय दिला.

अपील न्यायालयाचा निवाडा येण्याच्या काही आठवडे आधीच मैदानावर दुसरा एक निकाल लागला होता. १९७४ चा संपूर्ण हंगाम फिलिप्स यांच्या संघाने एकोणीस सामने खेळून एकोणीसही जिंकले. अंतिम सामना सेंट लुइसच्याच शहरात, बुश स्टेडियमवर, त्याच प्रतिपक्षाशी होता. जादा वेळेची चार सत्रे खेळल्यानंतर हॉवर्डने तो २–१ असा जिंकला. या वेळी कागदपत्रांत कोणास खोट काढता आली नाही. फिलिप्स हॉवर्डमध्ये १९८० पर्यंत राहिले. अधिकृत नोंदीत १९७४ चे विजेतेपद हॉवर्डच्या नावावर आहे. १९७१ सालापुढे कोणाचेच नाव नाही.

रद्द झालेल्या नियमाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९८० साली संघटनेने तो नव्या शब्दांत आणला : विसावे वर्ष उलटल्यावर संघटित सामने खेळलेल्या प्रत्येक वर्षाची वजाबाकी, पण आता स्वदेशी व परदेशी असा भेद न करता. बर्फावरील हॉकी खेळणाऱ्या एका कॅनेडियन विद्यार्थ्याने त्यास आव्हान दिले. अमेरिकन विद्यार्थी बहुधा अठराव्या वर्षीच महाविद्यालयात जातात, तेव्हा झळ परदेशी विद्यार्थ्यांनाच पोहोचणार, हा त्याचा मुद्दा. शब्द सर्वांस सारखेच लागू आहेत, या आधारावर १९८४ साली अपील न्यायालयाने नवा नियम कायम केला.