गाणारा आवाज का बसतो?

पावसाळ्यात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांवर फिरताना मला घरोघरी सर्दी दिसते. ओल्या लाकडांची चूल, बंद दार आणि धूर. एका वाडीत उपासनेत गाणे सांगणाऱ्या ताईंनी ती तीन महिने अंगावर काढली. शेवटी त्यांचा आवाजच बसला.

गाल आणि कपाळाच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. तिथली सूज 12 आठवडे टिकली की आजार जुनाट समजतात. नाक चोंदल्याने 'म'चा 'ब' ऐकू येतो. शेंबूड मागून घशात उतरतो, माणूस सारखा खाकरतो आणि त्यामुळे स्वरतंतू सुजतात. तोंडाने श्वास घेतल्याने घसा कोरडाही पडतो.

म्हणून खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. पाणी उकळून कोमट करा, त्यात मीठ घालून नाक धुवा. धुराला वाट द्या. आवाज 3-4 आठवड्यांत सुटला नाही, तर नुसता हिरडा चघळत बसू नका. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू-विडीची सवय असेल, तर मुळीच थांबू नका. घशाचा कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो.

ताईंचे औषध चालू आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि दवाखान्यात जाणाऱ्यांच्या गाडीभाड्याला हातभार लावा.