यूजर स्टोरीचे कामांत विभाजन : एक विवेचन

प्रस्तावना

सॉफ्टवेअर विकासाची अजाईल पद्धती 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात 17 तज्ज्ञांनी मांडलेल्या जाहीरनाम्यामुळे सर्वश्रुत झाली. तिच्यातील ‘यूजर स्टोरी’ ही संकल्पना मात्र त्याआधीची असून, केंट बेक यांनी क्रायस्लर कंपनीच्या वेतनप्रणाली प्रकल्पातील अनुभवातून ती पुढे आणली. महाविद्यालयीन प्रकल्पांतही ही परिभाषा आता रुळली आहे. परंतु स्टोरी आणि काम यांतील भेद पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

संकल्पना

यूजर स्टोरी म्हणजे वापरकर्त्याच्या भाषेत सांगितलेली त्याची गरज होय. रॉन जेफ्रीज यांनी 2001 मध्ये तिची तीन अंगे सांगितली : कार्ड, संवाद आणि पडताळणी. याउलट काम, म्हणजेच टास्क, हे विकासकांच्या भाषेत असते. स्टोरीतून वापरकर्त्याला काही लाभते. एकट्या कामातून बहुधा काहीच लाभत नाही.

उदाहरण

‘दुसऱ्याने नेलेले पुस्तक विद्यार्थ्याला राखून ठेवता यावे, म्हणजे ते परत येताच त्याला मिळेल’ ही ग्रंथालयासंबंधीची स्टोरी घेऊ. तिची पडताळणी अशी : दोघांनी मागणी केल्यास आधी मागणाऱ्यास पुस्तक मिळावे. तिची कामे व अंदाजित वेळ पुढीलप्रमाणे मांडता येईल.

1. मागणीच्या नोंदीसाठी डेटाबेसमध्ये तक्ता करणे : 3 तास
2. मागणी नोंदविण्याचा स्क्रीन तयार करणे : 4 तास
3. विद्यार्थ्यास सूचना पाठविण्याची सोय करणे : 3 तास
4. चाचणीसाठी उदाहरणे लिहिणे : 2 तास
5. पुस्तक परत येताच क्रमाने पुढील विद्यार्थी निवडणारी आज्ञावली लिहून तपासणे : 4 तास

पहिली चार कामे पूर्ण झाली, तर 16 पैकी 12 तासांचे, म्हणजे 75 टक्के, काम झाल्याचे दिसते. प्रत्यक्षात परत आलेले पुस्तक थेट कपाटात जाते आणि विद्यार्थ्याचा लाभ शून्य राहतो. म्हणून प्रगती मोजावयाची ती पूर्ण झालेल्या स्टोरींवरून. कामांची यादी हे केवळ गटाच्या दैनंदिन नियोजनाचे साधन होय.

विभाजनाचा क्रम

स्टोरी फार मोठी असल्यास प्रथम तिच्या लहान स्टोरी कराव्यात. उदाहरणार्थ, आरंभी सूचनेची सोय वगळून केवळ राखीव नोंद व तिचा क्रम घ्यावा. तेवढ्यानेही ग्रंथपालास योग्य विद्यार्थ्यासाठी पुस्तक बाजूला ठेवता येते. त्यानंतरच कामे पाडावीत. स्क्रम मार्गदर्शिकेच्या 2020 च्या आवृत्तीनुसार असे काम बहुधा एका दिवसाचे किंवा त्याहून लहान असते. बिल वेक यांनी 2003 मध्ये चांगल्या स्टोरीचे आणि चांगल्या कामाचे निकष वेगवेगळे सांगितले, तेही याच भेदामुळे.

समारोप

विद्यार्थ्यांच्या गटात एकाकडे डेटाबेस, दुसऱ्याकडे स्क्रीन अशी वर्षभराची वाटणी केली, तर प्रत्येकाचे काम ‘पूर्ण’ होऊनही अखेरीस प्रणाली चालत नाही, असे घडू शकते. मार्गदर्शक प्राध्यापकांनी ‘किती कामे झाली?’ याऐवजी ‘वापरकर्त्याला आज काय करता येते?’ असे विचारल्यास ही उणीव वेळीच लक्षात येईल आणि मूल्यमापनही अधिक न्याय्य होईल.