द्वितीय वर्गाचा पदवीधर आणि अमेरिकेतील व्यवस्थापन विद्यालये

इंदूरचा किंवा बडोद्याचा एखादा वाणिज्य पदवीधर चार-पाच वर्षे नोकरी करतो, हाताखाली माणसे येतात, जबाबदारी वाढते आणि अमेरिकेत जाऊन व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घ्यावे असे त्याच्या मनात येते. प्रवेशाच्या अर्जात पदवी परीक्षेच्या गुणांचा रकाना असतो. त्याच्या गुणपत्रिकेवर शेकडा ५६ गुण आहेत. अमेरिकेत मात्र गुण ४ पैकी मोजतात. तो कागद घेऊन त्रैराशिक मांडतो, उत्तर २.२४ येते. मोठ्या विद्यालयांची प्रसिद्ध झालेली सरासरी ३.५ च्याही वर असते. ती पाहून तो अर्ज मिटून ठेवतो. कित्येकांचा प्रवास या त्रैराशिकापाशीच संपतो, आणि ते त्रैराशिकच मुळात चुकीचे असते.

अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत साधारणतः शेकडा ९० च्या पुढे गेल्यावर 'ए' श्रेणी मिळते आणि तिचे ४ धरतात. ६० च्या खाली गेलेला विद्यार्थी तेथे पुष्कळदा अनुत्तीर्णच होतो. आपल्याकडे ६० म्हणजे प्रथम वर्ग! आपल्या जुन्या परीक्षकांचा हात किती आखडता असे, हे ज्यांनी निबंधाच्या किंवा इतिहासाच्या उत्तरपत्रिका लिहिल्या त्यांना सांगावयास नको. तेव्हा एकच ५६ हा आकडा तिकडच्या टक्क्यांत नापास, इकडे द्वितीय वर्ग आणि त्रैराशिकाने २.२४ ठरतो. यांतला खरा अर्थ गुण देणाऱ्या विद्यापीठाच्याच मापाने लागतो.

विद्यालयांनाही हे ठाऊक आहे. म्हणूनच हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड येथील व्यवस्थापन विद्यालये परदेशी अर्जदारास बजावतात की, गुण मूळ पत्रिकेत असतील तसेच लिहावेत, स्वतः रूपांतर करू नये. स्टॅनफर्डने प्रसिद्ध केलेली सरासरी तर केवळ अमेरिकन महाविद्यालयांच्या पदवीधरांची असते. तिच्याशी आपले ५६ ताडून पाहणे म्हणजे कापड शेराने मोजणे होय. काही संस्था मात्र न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस'सारख्या, १९७४ पासून हेच काम करणाऱ्या संस्थेचे मूल्यमापन मागतात. तीन वर्षांची पदवी हार्वर्डला चालते, पण ती सर्वत्र चालेलच असे नाही. ज्या त्या विद्यालयाच्या सूचना वाचण्यास पर्याय नाही.

एवढ्याने द्वितीय वर्गाचा प्रथम वर्ग होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. निवड करणारे लोक वर्षानुवर्षे भारतातून आलेले अर्ज वाचत असतात. आकड्यामागे त्यांना एक शंका असते: पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र, हिशेब आणि अर्थशास्त्र एकदम अंगावर येईल, तेव्हा हा तरुण टिकेल काय? म्हणून ते गुण कोणत्या विषयांत घसरले, पहिल्या वर्षापेक्षा शेवटच्या वर्षी चढले की उतरले, हे पाहतात. उत्तर द्यावयाचे ते या शंकेला.

त्याचे पहिले साधन म्हणजे 'जीमॅट' परीक्षा. ती १९५४ मध्ये प्रथम घेण्यात आली. आजच्या स्वरूपात गणित, भाषा आणि माहितीचे विश्लेषण असे तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटांचे, आणि एकूण गुण २०५ ते ८०५ असतात. त्रिवेंद्रमचा आणि टेक्सासचा विद्यार्थी येथे एकाच तराजूत बसतो. म्हणून ज्याची पदवी अशक्त, त्याने गणिताच्या भागावर विशेष मेहनत घ्यावी. गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. दुसरे साधन म्हणजे नव्याने केलेला अभ्यास. हार्वर्ड बिझनेस स्कूलचा 'कोअर' हा ऑनलाइन अभ्यासक्रम अर्थशास्त्र, हिशेब आणि सांख्यिकी विश्लेषण याच तीन विषयांचा आहे. बाविसाव्या वर्षी सांख्यिकीत काठावर सुटलेल्या माणसाने अठ्ठाविसाव्या वर्षी तोच विषय उत्तम रीतीने पार पाडला, तर जुन्या आकड्याचे वजन कमी होते.

महाविद्यालयात त्या वर्षी ५६ गुणांनी तिसरा क्रमांक आला असेल, तर कुलसचिवांकडून तसे पत्र मागून घ्यावे. अर्जदारांना हे सुचतच नाही. वरिष्ठांच्या शिफारसपत्रात 'हुशार व कष्टाळू' या शब्दांपेक्षा, त्याने कोणता हिशेब उलगडला किंवा कोणते अंदाजपत्रक सांभाळले, हे आले तर उपयोग अधिक. आणि गुण कमी पडण्यास वडिलांचे आजारपण, रात्रीची नोकरी असे खरे कारण असेल, तर अर्जातील ऐच्छिक टिपणात ते चार-पाच वाक्यांत सांगावे. परीक्षकांच्या पक्षपाताची तक्रार तेथे करू नये. ती कोणी ऐकून घेत नाही. कारण नसेल तर कमी अभ्यास केला असे सरळ म्हणावे, आणि त्यानंतर काय केले ते लिहावे.

अर्जांच्या फेऱ्या बहुधा सप्टेंबरात व जानेवारीत असतात; व्हिसाचा अवधी ध्यानी घेता परदेशी अर्जदाराने त्यापुढे जाऊ नये. प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठाकडून आलेली अधिकृत गुणपत्रिका अर्जाशी ताडून पाहतात. अर्जात ५६ च्या जागी स्वतःच्या हिशेबाने ३.२ लिहिलेले आढळले, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.