पोलादाचा मेघ

मेघास स्थिर आकार नसतो आणि पोलादास तर एकदा दिलेला आकार सोडता येत नाही. मग पोलादाचा मेघ घडवावा कसा? अमेरिकेतील शिकागो शहरी मिलेनियम पार्क नामक उद्यानात ‘क्लाउड गेट’, म्हणजे मेघद्वार, हे शिल्प आहे. त्यात या प्रश्नाचे उत्तर पाहावयास मिळते. त्याचे शिल्पकार अनिश कपूर यांचा जन्म १९५४ साली मुंबईस झाला.

हे शिल्प ३३ फूट उंच, ६६ फूट लांब असून वजन सुमारे १०० टन आहे. त्याच्या कमानीखालून माणसे ये-जा करतात. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, म्हणून नगरजन त्यास ‘बीन’ म्हणतात. कपूर यांनी ढगाची आकृती घडविलीच नाही. त्यांनी पोलादाचा आरसा केला. आकाशातून जे मेघ जातात तेच त्यावर उमटतात, आणि भोवतालच्या उत्तुंग इमारतीही त्यात वाकलेल्या दिसतात.

परंतु आरशावर एक सांधा दिसला तरी आकाश चिरल्यासारखे भासते. आणि येथे तर न गंजणाऱ्या पोलादाचे १६८ पत्रे जोडलेले! २००४ साली उद्यान खुले झाले तेव्हा सांधे दिसत होते. पुढे कारागिरांनी ते घासून, त्यांवर झिलई चढवून नाहीसे केले व २००६ साली शिल्पाचे लोकार्पण झाले.

विद्यार्थिमित्रहो, त्या कारागिरांचे श्रम आज कोठेही दिसत नाहीत. ते दिसत नाहीत, यातच त्यांचे यश आहे.